एअर रायफलचा सिंथेटिक स्टॉक घरी रंगवायचा असेल तर

स्टॉकवरचा, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकवायच्या आणि हातात धरायच्या दस्त्यावरचा, रंग नखानं पापुद्र्यासारखा निघाला की सगळे रंगाच्या कॅनला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतं. प्लास्टिक कोणतं आहे ते न बघताच प्रायमर मारलेला असतो, नाहीतर साच्यातून स्टॉक सुटावा म्हणून कारखान्यात फवारलेलं मेणचट द्रव्य तसंच राहिलेलं असतं. म्हणून इथं रंगापेक्षा रंगाआधीच्या कामावर जास्त लिहिलं आहे. हातानं काम करतानाही वेळ तसाच जातो. चार दिवसांच्या कामात प्रत्यक्ष फवारणी जेमतेम दोन तासांची असते.

कोल्हापूर जिल्ह्याला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. सरावाला सुरुवात करणाऱ्या पोरांच्या हातात मात्र बहुधा काळ्या प्लास्टिकच्या स्टॉकची साधी एअर रायफल असते. तिच्या स्टॉकवर साच्याची रेघ ठसठशीत दिसते आणि घामेजल्या हातातून ती सटकते. असा स्टॉक घरी नीट करता येतो.

पुढची माहिती स्प्रिंगवर चालणाऱ्या, बॅरल मोडून (सांध्यात वाकवून) कॉक करायच्या, म्हणजे स्प्रिंग ताणून ठेवायच्या, एअर रायफलला धरून आहे. पीसीपीच्या (आधीच दाबानं हवा भरून ठेवायच्या रायफलच्या) स्टॉकलाही हीच पद्धत चालते. परवान्याच्या रायफलचा स्टॉकही असाच रंगतो, पण तिथं दोन गोष्टी पाळा. रंगाऱ्याकडे द्यायचा तो फक्त सुटा स्टॉक. अ‍ॅक्शन (गोळी झाडणारी यंत्रणा) आणि बॅरल परवानाधारकाच्याच ताब्यात राहिले पाहिजेत. आणि बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, घासणं, बदलणं हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ खाली गुन्हा आहे, त्यामुळे पॉलिश पेपर तिकडं फिरकूही देऊ नका. एअर रायफलच्या नंबरालाही हीच शिस्त लावा.

प्लास्टिक ओळखल्याशिवाय दुकानात जाऊ नका

बट पॅडचे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या गादीचे, दोन स्क्रू काढा आणि आतल्या पोकळीत टॉर्च मारून बघा. पुष्कळदा आत छोट्या कंसात अक्षरं उमटलेली असतात. पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. पीए६ किंवा पीए६६ म्हणजे नायलॉन. त्यापुढं जीएफ३० असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू आहेत. एबीएस हे तिसरं प्लास्टिक, ते त्याच नावानं लिहिलेलं असतं.

अक्षरं नसतील तर बट पॅडखालच्या न दिसणाऱ्या कडेतून कटरनं तांदळाएवढा कपचा काढा. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि तो कपचा बुडवून सोडा. लिक्विड टाकायचं कारण असं की नुसत्या पाण्यात जड कपचाही पाण्याच्या ताणावर तरंगून फसवतो. वर आला तर पॉलीप्रॉपिलीन. त्याची घनता ०.९ च्या आसपास असते, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. एबीएस साधारण १.०५ चं आणि काचतंतूवालं नायलॉन १.३ च्या आगेमागे, म्हणून दोन्ही बुडतात. एक खोच आहे: काचतंतू घातलेलं पॉलीप्रॉपिलीनही बुडतं. म्हणून कपचा बुडाला तरी दुसरी चाचणी कराच. बट पॅडखालीच फेविक्विकचा एक थेंब टाकून पूर्ण वाळू द्या आणि नखानं उचलून बघा. टिकलीसारखा अख्खा निघून आला तर ते पॉलीप्रॉपिलीन समजा.

एवढा खटाटोप कशासाठी? पॉलीप्रॉपिलीनला कुठलाही साधा प्रायमर धरत नाही. त्याचा पृष्ठभाग इतका निर्लेप असतो की त्यावर रंग नीट पसरत नाही आणि वाळल्यावर चिकटूनही राहत नाही. त्याला आधी अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा लेप, लागतो. ऑटो पेंटच्या दुकानात ‘बंपरचा प्लास्टिक प्रायमर’ किंवा ‘पीपी प्रायमर’ म्हणून मागा. गाड्यांचे बंपरही बहुतेक पॉलीप्रॉपिलीनच्याच जातीचे असतात, त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांना तो नेमका माहीत असतो. नायलॉन आणि एबीएसला तो लागतोच असं नाही, पण मारला तर बिघडत काही नाही.

एबीएसला दुसरंच भय आहे. अ‍ॅसिटोन आणि कडक एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर त्याला विरघळवतात, बारीक तडे पाडतात. एबीएसचा स्टॉक थिनरनं पुसू नका.

आणखी एक प्रकार हल्ली बराच दिसतो, तो म्हणजे रबरासारखा मऊ लेप दिलेला स्टॉक. नवा असताना हातात छान बसतो. पण आपल्याकडच्या चार-पाच पावसाळ्यांच्या दमटपणात तो लेप चिकट होऊन बसतो, हाताला काळं लागतं, धूळ धरतो. त्यावर रंग मारला तर रंगही कायम चिकटच राहील. तो लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्यानं घासून पूर्ण काढायचा. काम कंटाळवाणं आहे. एका स्टॉकला अर्धा लिटर अल्कोहोल आणि दोन जुने बनियन लागतात. पण खालचं कडक प्लास्टिक लागेपर्यंत थांबू नका.

सामान

एका स्टॉकला ४०० मिलीचे कॅन धरले तर प्रायमर एक, मुख्य रंग दोन, वरचा मॅट क्लिअर (चकाकी नसलेला पारदर्शक थर) एक आणि पीपी प्रायमरचा एक. नक्षी काढायची असेल तर तिच्या प्रत्येक रंगाचा एक. पॉलिश पेपर २४०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे, प्रत्येकी दोन. यातले ४०० आणि ६०० पाण्यात चालणारे घ्या, काचतंतूवाल्या किंवा फायबरग्लासच्या स्टॉकला सगळेच. करड्या रंगाचं स्कॉचब्राइट, पाऊण इंची मास्किंग टेप, कटरची नवी पाती, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारी फडकी, नायट्राइलचे हातमोजे. मास्क साध्या कापडी चौकोनाचा नको. रंगाच्या वाफेसाठी कोळशाचं फिल्टर असलेला, गालाला घट्ट बसणारा अर्धा मास्क घ्या.

रंग एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या. अ‍ॅक्रेलिकच्या अर्धवट वाळलेल्या थरावर दुसऱ्या जातीचा कडक थिनरवाला रंग पडला की खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

हार्डनर मिसळायचा टूके पॉलियुरेथेन रंग नक्कीच जास्त टिकतो. तेल, घाम, सॉल्व्हंट काहीच त्याला लवकर बाधत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचं तुषार छातीत गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. घराच्या गच्चीवर, शेजाऱ्यांच्या खिडक्यांखाली तो फवारू नका. टूके हवाच असेल तर घासणं, भरणं, प्रायमर हे सगळं घरी करा आणि शेवटचा थर पेंट बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. आमच्या मते हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे. कष्टाचं काम आपल्या हातचं राहतं आणि विषारी काम योग्य जागी होतं.

स्टॉक सुटा करणं

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. बॅरल मोडून चेंबरमध्ये छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा, मग सुरक्षित दिशेला धरून बॅरल बंद करा. स्प्रिंग कॉक झालेली नसावी. बहुतेक मॉडेलला स्टॉकच्या पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन स्क्रू असतात. पुढचे आधी सैल करा, गार्डचा शेवटी. स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारा पेचकसच वापरा. सैल पेचकसानं खाच गेली की रंग कितीही सुबक झाला तरी नजर तिथंच अडखळते. कुठला स्क्रू कुठला, ते पुठ्ठ्यावर रायफलचं चित्र काढून त्यात टोचून ठेवा.

अ‍ॅक्शन स्टॉकबाहेर आल्यावर ती कॉक करायची नाही. आधाराशिवाय ट्रिगर निसटला तर बॅरल झटक्यात मिटते आणि बोटं तुटू शकतात. ट्यूबच्या मागची पिनही काढू नका. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि रंगकामासाठी ती उघडायची काहीच गरज नाही. अ‍ॅक्शनला तेलाचा हलका हात फिरवा, जुन्या चादरीत गुंडाळा आणि कुलुपात ठेवा.

स्टॉकवरून बट पॅड, पट्ट्याच्या कड्या, चीकपीस (गाल टेकवायचा तुकडा), रबरी इन्सर्ट, जे जे निघतं ते सगळं काढा. आता टेप. ज्या खाचेत अ‍ॅक्शन बसते ती पूर्ण झाका. स्क्रूची भोकं आणि त्यांतल्या धातूच्या बुश्या कागदाच्या सुरळ्यांनी बंद करा. चीकपीस ज्या दांड्यांवर सरकतो त्यांच्या भोकांत थर्मोकोल दाबा. अ‍ॅक्शनच्या खाचेत रंगाचे चार थर चढले तर अ‍ॅक्शन नीट बसत नाही, स्क्रू रंगावर आवळले जातात आणि तो रंग दबत गेला की स्क्रू पुन्हा सैल. रंगवल्यानंतर रायफलची नेमच बदलली, अशी तक्रार येते तिचं मूळ बहुतेकदा या खाचेत सापडतं.

धुणं, घासायच्या आधी

हा क्रम चुकवू नका. साच्याचं मेण, तळहाताचा घाम आणि सिलिकॉनचं तेल पृष्ठभागावर असतानाच पॉलिश पेपर फिरवला तर ते सगळं ओरखड्यांत खोल भरलं जातं आणि नंतर कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. म्हणून आधी कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश. ग्रिपवरच्या बारीक खाचा चांगल्या चोळा. धुवून पुन्हा एकदा तेच. मग अल्कोहोलचं ओलं फडकं एका हातानं आणि कोरडं दुसऱ्या हातानं, ओल्यामागं लगेच कोरडं. अल्कोहोल आपोआप वाळू दिलं तर विरघळलेलं तेल तिथंच पुन्हा बसतं.

नायलॉन पाणी पितं. धुतल्यावर ते सावलीत, पंख्याखाली पूर्ण एक दिवस ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस.

ज्यांच्या घरी रायफलला सिलिकॉन स्प्रे मारायची सवय आहे त्यांनी तो कॅन रंगाच्या खोलीतच आणू नये. हवेतून आलेला त्याचा एक कणही रंगात माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा पाडतो.

रेघ काढणं, खड्डे भरणं, घासणं

स्टॉकच्या वरून-खालून गेलेली साच्याची रेघ पॉलिश पेपरनं घासायचा मोह होतो. तसं केलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक आधी झिजतं आणि रेघेच्या जागी लांबट चपटा पट्टा तयार होतो. मॅट रंगात तो लपतो, पण उन्हात धरला की दिसतो. कटरची पाती पृष्ठभागाला काटकोनात उभी धरा आणि रेघेवरून आपल्याकडं ओढत खरवडा. कापायचं नाही, खरवडायचं. दर खेपेला केसासारखी बारीक साल निघाली पाहिजे. बोटाला रेघ लागेनाशी झाली की थांबा आणि मग २४०, ३२० असे चढत जा. ठोकळ्यावर पेपर गुंडाळून सपाट भाग घासा. वळणावर ठोकळ्याऐवजी जुन्या चपलेच्या तळाचा रबरी तुकडा चांगला चालतो.

काचतंतूवालं नायलॉन आणि फायबरग्लासचा स्टॉक कोरडा घासू नका. काचेची पूड कातडीत टोचते, दिवसभर खाज सुटते आणि छातीत तर ती जाताच कामा नये. पाणी लावून घासा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तोंडाला मास्क ठेवा. कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा.

पॉलीप्रॉपिलीनला वेगळा हात लागतो. ते घासलं की गुळगुळीत होण्याऐवजी त्यावर लव उभी राहते. अशा वेळी जोर वाढवला तर लवही वाढते. ३२० वर थांबा, लव नव्या पातीनं हलकी खरवडून काढा आणि वरून स्कॉचब्राइट फिरवा. चकाकी गेली म्हणजे काम झालं. एरवीही इथं आरशासारखी सफाई नकोच आहे. रंगाला धरायला बारीक ओरखडे हवेत.

साच्यात प्लास्टिक आखडून पडलेले खड्डे ग्रिपच्या जाड भागावर दिसतात. नायलॉन, एबीएस आणि फायबरग्लासला ते दोन भागांच्या इपॉक्सीनं भरा. अ‍ॅराल्डाइट किंवा एम-सील दोन्ही चालतात, मात्र खड्डा आतून २४० नं खरखरीत केलेला हवा. किंचित वर उचलून भरा, रात्रभर कडक होऊ द्या, मग घासून सपाट करा. गाड्यांची पॉलिस्टर पुट्टी कडक आणि ठिसूळ असते. स्टॉकच्या पातळ भिंती हातात दबतात, पुट्टी दबत नाही, म्हणून तिची कड चिरते. जिथं स्टॉक पोकळ आणि लवचिक आहे तिथं ती टाळा. पॉलीप्रॉपिलीनवर तर इपॉक्सीही धरत नाही. त्यातले उथळ खड्डे प्रायमरच्या दोन जास्तीच्या थरांवर सोडा, खोल असतील तर आहेत तसे राहू द्या.

फायबरग्लासच्या स्टॉकवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात आणि ती रंग मारल्यावरच डोळ्यांत भरतात. पहिला प्रायमर झाल्यावर बारीक ग्लेझिंग पुट्टी प्लास्टिकच्या कार्डानं त्यांत दाबून भरा.

घासून झालं की पुन्हा लिक्विडनं धुवा आणि शेवटची परीक्षा घ्या. स्टॉकवर स्वच्छ पाणी ओता. नायलॉन, एबीएस, फायबरग्लासवर पाण्याचा पातळ पडदा सलग राहिला पाहिजे. पडदा फाटून थेंब गोळा होत असतील तर तिथं अजून तेल आहे. पॉलीप्रॉपिलीनवर पाणी असंही गोळा होतं, तिथं ही परीक्षा लावू नका, दोनदा अल्कोहोलनं पुसून पुढं जा. इथून पुढं उघड्या हातानं स्टॉकला शिवायचं नाही.

दिवस आणि वेळ

कोल्हापुरात रंगाचं वेळापत्रक पंचांग बघून ठरवल्यासारखं ठरवावं लागतं. जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका पडतो. एनसी आणि साध्या स्प्रे कॅनना हा त्रास सगळ्यात जास्त. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, पण दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो, आणि भर उन्हात रंगाचे कण स्टॉकवर पोचायच्या आधीच सुकून खरखरीत पूड बसते. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातही सकाळचं दव उडाल्यावर, अकरा ते चारच्या दरम्यान.

हिवाळ्यातली एक अडचण मात्र बाहेरगावच्या माणसाला सुचणार नाही. तो कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम असतो. साखर कारखान्याच्या आसपास चिमणीची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तशी ती ओल्या रंगावरही पडते. तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवलं की काळ्या काजळीचे पापुद्रे दूरवर उडतात. अशा गावात गच्चीवर फवारू नका. शेडमध्ये, दोन बाजू उघड्या ठेवून, वाऱ्याच्या बाजूला ओली चादर टांगा. जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते. शेगडी, देवघरातलं निरांजन, पाणी तापवायचा बंब यांतलं काहीही जवळपास पेटलेलं नको. फवाऱ्यातला थिनर पेट घेतो.

फवारणी

स्टॉक बट पॅडच्या स्क्रूच्या भोकातून तारेनं टांगा, म्हणजे चारही बाजूंनी फिरता येतं. खालून दुसरी तार बांधून वजन लावा, नाहीतर फवाऱ्याच्या जोरानं तो गिरक्या घेतो.

थंडीच्या दिवसांत कॅन दहा मिनिटं अंगाला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात उभा ठेवा. रंग पातळ होतो, दाब वाढतो, तुषार बारीक पडतो. उकळतं पाणी किंवा शेगडी नको, कॅन फुटतो. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढं पूर्ण दोन मिनिटं हलवा. मॅट रंगात हे विशेष पाळा, कारण मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसलेली असते. कमी हलवलेला मॅट कॅन आधी चकचकीत आणि शेवटी पांढरट रंग देतो.

अंतर २० ते २५ सेंटीमीटर. फवारा स्टॉकच्या बाहेर सुरू करा, एका चालीत पार नेऊन बाहेरच बंद करा. दर पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. आधी ग्रिपच्या आतल्या बाजू, अंगठ्याचं भोक, खाचा. मोकळ्या बाजू नंतर. उलटं केलं तर खाचांवर मारताना उडालेले कण तयार झालेल्या बाजूंवर बसून त्या खरखरीत होतात.

पॉलीप्रॉपिलीनला पीपी प्रायमरचे दोन अगदी पातळ थर द्या. तो रंग नाही, फक्त सांधा आहे. जाड झाला की तोच सुटतो. त्यानंतर पुढचा थर किती वेळात द्यायचा हे कॅनवर छापलेलं असतं आणि ते तंतोतंत पाळायचं, कारण बऱ्याच मालात ही मुदत तासाभराच्या आतबाहेरच असते. मुदत उलटली तर पुन्हा एक पातळ हात द्यावा लागतो. म्हणून प्रायमरचा कॅन हलवून तयार ठेवूनच पीपी प्रायमर मारायला घ्या.

प्रायमरचा पहिला थर धुक्यासारखा, खालचा रंग दिसेल असा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, तेवढ्याच वेळानं तिसरा. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी ४०० आणि मग ६०० पाणी लावून घासा. कडांवर हात हलका ठेवा, कड सगळ्यात आधी उघडी पडते. प्लास्टिक दिसलं तर त्या जागी पुन्हा प्रायमर.

मुख्य रंगाचेही असेच तीन पातळ थर. ‘एकदाच भरघोस मारू’ या विचारानं ओघळ तर येतातच, पण त्याहून वाईट म्हणजे वरचा पापुद्रा वाळतो आणि आतला थिनर कोंडला जातो. असा स्टॉक महिनाभर नखाला मऊ लागतो.

नुसता काळा किंवा मातकट हिरवा रंगही देखणा दिसतो. नक्षी हवी असेल तर सगळ्यात फिकट रंग आधी, गडद शेवटी. नक्षीच्या साच्यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. कांद्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा ताणून बसवला आणि वरून गडद रंगाचा हलका फवारा दिला की सापाच्या कातीसारखी खवल्यांची नक्षी उमटते. उसाचं पान हवं तर वाळलेलं, सपाट दाबलेलं घ्या. ओल्या पानाचा रस रंगाला डाग पाडतो. बांबूची पानं त्याहून सुबक छाप सोडतात. साचा लावायच्या आधी खालचा रंग किमान दोन तास वाळलेला हवा, आणि साचा चिकटवण्यापेक्षा एक बोट वर धरला तर कडा मऊ येतात.

ग्रिप घट्ट लागावी म्हणून काही जण टेक्श्चर स्प्रे किंवा ट्रकच्या हौद्याला देतात तसला खरखरीत लेप मारतात. घरच्या रायफलला जरूर मारा, पण प्रायमरनंतर आणि मुख्य रंगाच्या आधी. स्पर्धेच्या रायफलला मारू नका. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या एअर रायफल नियमांत स्टॉकच्या पुढच्या भागावर, पिस्तूल ग्रिपवर आणि खालच्या बाजूला पकड वाढवणारं साहित्य लावायला मनाई आहे. रायफलच्या वजनाची कमाल मर्यादाही साडेपाच किलो आहे. मर्यादेच्या काठावरची रायफल असेल तर रंगानंतर वजन करूनच तपासणीला न्या.

शेवटी मॅट क्लिअरचे दोन पातळ थर. गडद रंगावर क्लिअर जाड झाला की दुधाळ झाक येते आणि ती पुसून जात नाही.

बिघडलं तर

ओघळ ओला असताना बोट लावू नका. दोन दिवस वाळू द्या, कटरच्या पातीनं खरवडा, ६०० नं घासा, वरून एक पातळ थर द्या. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर अंतर जास्त होतं किंवा ऊन कडक होतं, उपाय तोच. माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर वरून रंग भरू नका, ते पुन्हा उघडतात. वाळवून त्या भागावरचा रंग प्रायमरपर्यंत घासा आणि अल्कोहोलनं पुसून नव्यानं सुरू करा. पांढुरकी झाक एनसी रंगावर आली असेल तर कोरड्या दुपारी नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला की कित्येकदा ती जाते. एबीएसवर हा उपाय करू नका. रंग पापुद्र्यानं सुटला तर डागडुजीत वेळ घालवू नका. टेप चिकटवून उपटा, निघेल तेवढा सगळा काढा आणि धुण्यापासून सुरुवात करा.

वाळणं आणि जोडणं

हाताला कोरडा लागतो तो अर्ध्या तासात, धरण्याजोगा होतो एका दिवसात, आणि खरा कडक व्हायला साध्या अ‍ॅक्रेलिकला किमान एक आठवडा लागतो. घाई म्हणून गच्चीवर उन्हात ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात काळा स्टॉक हाताला चटका बसेल इतका तापतो, पातळ भिंतीचं पॉलीप्रॉपिलीन टांगल्या जागी वाकतं आणि मग अ‍ॅक्शनची खाच सरळ राहत नाही. सावली आणि पंखा पुरे. बट पॅडखाली लपणाऱ्या कडेवर नख दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा.

टेप मात्र आठवडाभर ठेवायचा नाही. शेवटच्या थरानंतर तासाभरानं, रंग अजून थोडा मऊ असताना, टेप स्वतःवरच दुमडत हळू ओढा. पूर्ण कडक झाल्यावर ओढला तर कडेचा रंग सोबत येतो.

जोडताना प्रत्येक स्क्रूच्या बसकेखालचा रंग पातीनं गोल खरवडून काढा, म्हणजे स्क्रू प्लास्टिकवर किंवा बुशीवर बसेल, रंगावर नाही. सगळे स्क्रू आधी हातानं लावा, मग आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. प्लास्टिकच्या स्टॉकमध्ये मनगटाचा पूर्ण जोर लावला तर बस चिरते. स्प्रिंग रायफलचा झटका दुहेरी असतो, आधी मागं आणि लगेच पुढं, त्यामुळे तिचे स्क्रू सैल होतातच. पहिल्या २० छऱ्यांनंतर आणि पुन्हा ५० नंतर तपासा. नेम नव्यानं लावायची ती त्यानंतर.

पहिला महिना स्टॉक फोमच्या पेटीत बंद ठेवू नका, फोमची जाळी रंगात उमटते. रबरी पट्टा किंवा रेक्झिनचं कव्हर रंगाला चिकटून राहिलं तर त्यातलं मऊपणा आणणारं तेल रंगात उतरतं आणि तिथला रंग चिकट होतो. सुती कव्हर वापरा. डास पळवणारी डीटवाली क्रीम हाताला लावून रायफल धरू नका, ती अ‍ॅक्रेलिक रंग विरघळवते. बॅरलचा क्लीनर आणि सॅनिटायझरही तेच करतात, म्हणून बॅरल साफ करताना स्टॉकभोवती फडकं गुंडाळा.

उरलेला कॅन उलटा धरून रंग यायचा थांबेपर्यंत फवारा, म्हणजे तोटी बंद पडत नाही. मुख्य रंगाचा थोडा फवारा औषधाच्या काचेच्या बाटलीत घ्या, गॅस निघून जाईपर्यंत तासभर झाकण सैल ठेवा, मग घट्ट लावून रंगाचं नाव आणि तारीख लिहा. पुढं कुठं टवका उडाला तर बारीक ब्रशनं तेवढीच जागा भरता येते.